मदत हवी आहे: सूर्य चौकटीत घेतला की छायाचित्रात हिरवा ठिपका उमटतो

ओहोटी: अलिबागच्या कुलाबा किल्ल्यामागे मावळणारा सूर्य टिपण्यासाठी मी गेल्या महिन्यात दोनदा जाऊन आलो आणि दोन्ही खेपा वाया गेल्या. सूर्य तटाच्या कडेला टेकला, की चौकटीच्या दुसऱ्या टोकाला, ओल्या काळसर वाळूवर, एक हिरवट ठिपका उमटतो आणि जवळपास फिकट डागांची माळ लागते. लेन्स पुसून पाहिली, सेटिंग बदलून पाहिले, फरक शून्य. शनिवारी पुन्हा जायचे आहे. ‘सूर्याकडे कॅमेरा रोखूच नये’ हा सल्ला कृपया देऊ नये. तो घरी रोज मिळतो.

जुनी काच: कोणती लेन्स, किती फोकल लेंथ (झूम किती मिलिमीटरवर), अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचे माप) किती, पुढे फिल्टर (लेन्सच्या तोंडावर बसवायची सपाट काच) आहे का, आणि ‘सेटिंग बदलले’ म्हणजे नेमके काय बदलले, हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

सावली: एवढा विचार कशाला? हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची सावली धरणारी कड, लावावा. मी हुडाशिवाय घराबाहेर पडत नाही आणि मला असा त्रास कधी झालेला नाही.

जुनी काच: हुड चौकटीबाहेरून तिरका येणारा प्रकाश अडवतो. येथे सूर्यच चौकटीत आहे. त्याला अडवणारा हुड छायाचित्रातही दिसेल.

निळाई: पोलरायझर, म्हणजे आकाशाचा रंग गडद करणारा फिल्टर, घ्यावा, चांगल्या प्रतीचा. आकाशाचा रंग असा काही खुलतो, की ठिपक्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

ओहोटी: डीएसएलआर आहे, सोबत मिळालेली 18-55 मिलिमीटरची झूम लेन्स, 35 वर ठेवलेली. सूर्याची किरणे ताऱ्यासारखी फाकावीत म्हणून अ‍ॅपर्चर 16, म्हणजे छिद्र लहान, ठेवले होते, नंतर 8 करून पाहिले. हुड नाही. आणखी एक गोष्ट, सांगण्याजोगी आहे की नाही ठाऊक नाही: तो ठिपका संगणकावर मोठा करून पाहिला तेव्हा पूर्ण गोल नव्हता, वरच्या बाजूने सपाट कापल्यासारखा होता.

जुनी काच: सर्वांत महत्त्वाचे तेच होते आणि ते आपण शेवटी सांगितलेत! त्या क्षणी सूर्याचा खालचा भाग तटाआड गेला होता; ठिपका वरून कापलेला आहे, म्हणजे ते सूर्याचे उलटे प्रतिबिंब आहे. खरा सूर्य इतका प्रखर असतो की छायाचित्रात त्याचा आकार पांढऱ्या झोतात विरून जातो, पण मंद प्रतिबिंबात तो स्पष्ट उमटतो. 26 डिसेंबर 2019 च्या ग्रहणात माझ्या छायाचित्रातला सूर्य गोलच दिसत होता, कोर दिसली ती अशाच एका ठिपक्यात. असे रेखीव प्रतिबिंब, चौकटीच्या मध्यबिंदूपलीकडे बरोबर तेवढ्याच अंतरावर, बहुधा पुढच्या सपाट काचेमुळे पडते: सेन्सरवरून (कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पट्टीवरून) परतलेला प्रकाश लेन्समधून उलटा बाहेर जातो, फिल्टरवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. फिल्टरबद्दलचा माझा प्रश्न आपण गाळलात, म्हणून पुन्हा विचारतो. निळाई यांचा पोलरायझर हीसुद्धा सपाट काचच आहे, शिवाय त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सर्वाधिक असतो. सूर्याच्या दिशेने तो जवळजवळ निकामी ठरतो.

निळाई: दहा वर्षे वापरत असलेल्या वस्तूला एका वाक्यात निकामी म्हणणे योग्य वाटले नाही. बाजूच्या आकाशावर तिचे काम पाहावे.

किनारा: ठिपक्याचे मला कळत नाही, परंतु वाळूतून किल्ल्याकडे जाणार असाल तर तिथी पाहावी. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिथी सोळावी धरावी; सोळाची पाऊणपट बारा, म्हणजे दुपारी बाराला भरती आणि सहा तासांनी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अंधार पडेपर्यंत तेथे रेंगाळू नये, पाणी लवकर चढते.

ओहोटी: तिथी पाहूनच शनिवार ठरवला आहे, आभारी आहे. आता फिल्टरबद्दल. दुकानदाराने कॅमेरा देतानाच पुढे यूव्ही फिल्टर (अतिनील किरणे अडवणारी काच) बसवून दिला होता आणि तीन वर्षे मी त्याला लेन्सचाच भाग समजत होतो. खाऱ्या वाऱ्याने आटे धरले होते. दुधाच्या पिशवीचे रबरबँड कडेला गुंडाळून फिरवला तेव्हा निघाला. रात्री अंगणातल्या दिव्यावर दोन्ही प्रकारे छायाचित्रे घेतली: फिल्टर काढताच तो रेखीव ठिपका गेला, फिकट डागांची माळ मात्र तशीच आहे.

जुनी काच: ती माळ लेन्समधल्या काचांची आहे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो. लेपामुळे तो पुष्कळ घटतो, पण शून्य होत नाही, आणि झूम लेन्समध्ये काचा बऱ्याच असतात. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, एक्सपोजर मॅन्युअल करून (म्हणजे दोन्हींत उजेड सारखा राहील), लागोपाठ दोन छायाचित्रे घ्यावीत: एक नेहमीसारखे आणि दुसरे लेन्ससमोर हात लांब धरून, बोटाने फक्त सूर्य झाकून. दुसऱ्यात डाग नसतील. त्यातला डागांच्या जागेचा तेवढा भाग संगणकावर पहिल्या छायाचित्रावर चढवावा. चौकट जुळवताना व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नये, मागच्या पडद्यावरच पाहावे.

सावली: आणि फिल्टर उतरवल्यावर खारे तुषार थेट लेन्सवर येतील, त्यांचे काय?

ओहोटी: चाळीस रुपयांचे मऊ कापड खिशात ठेवले आहे. ट्रायपॉड मात्र शेजाऱ्यांकडून मागावा लागेल.