नववीपासूनच पोरं एमआयडीसीत पाठवावीत का?

लेथवाला
कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून द्यायचं, छोटं युनिट आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं), तीन जुने लेथ, माणसं अकरा. दिवाळीपासून एक सीएनसी रात्रपाळीला बंदच असतं, चालवायला माणूस नाही म्हणून. आणि घराजवळच्या हायस्कुलातून दरवर्षी शे-सव्वाशे पोरं दहावी होऊन बाहेर पडतात. पुढं काय करायचं ते निम्म्यांना ठाऊक नसतं. आयटीआय झालेलं पोरगं येतं, हातात सर्टिफिकेट असतं, पण ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) वाचता येत नाही. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) दिला की आधी माझ्या तोंडाकडं बघतं.

माझं म्हणणं असं : शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित एमआयडीसी, या वसाहतींच्या आसपासच्या प्रत्येक हायस्कूलची दोन-तीन कारखान्यांशी गाठ घालून द्या. नववीपासून आठवड्यातला एक दिवस पोरं शॉपमध्ये. २०२० चं शैक्षणिक धोरण सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि १० दिवस बिनदप्तराचे म्हणतंच आहे. १० कशाला, ४० करा. आपल्या कोल्हापुरातली जुन्या कारखान्यांची वस्ती, उद्यमनगर, तरी कसं उभं राहिलं? इंजिनं खोलून-जोडून शिकलेल्या मिस्त्रींनीच उभं केलं ना?

फळा-खडू
तुमचं मशीन बंद आहे याचं वाईट वाटतं, पण ते चालू करणं हे माझ्या वर्गाचं काम नाही. मी २२ वर्षं हायस्कूलला शिकवतोय. शाळेनं काय काय करावं याची यादी दरवर्षी लांबते, शिक्षकांच्या जागा मात्र तेवढ्याच रिकाम्या.

आणि कायदा बघितलात का? नववीतलं पोर १४ वर्षांचं. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १८ वर्षांखालच्या मुलांना धोक्याच्या प्रक्रियांत कामाला लावता येत नाही, आणि धोक्याच्या प्रक्रियांच्या त्या यादीत फाउंड्री, म्हणजे ओतकाम, आहे. फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग अशी ओतलेल्या भागांची साफसफाई, सगळं त्यात आलं. कोल्हापूरचा उद्योग म्हणजे मुख्यतः ओतकाम आणि त्यावरचं मशिनिंग. म्हणजे निम्म्या कारखान्यांच्या गेटवरूनच पोरं परत. शिकायला पाठवलीत असं म्हणाल, पण शॉपमध्ये शिकणं कुठं संपतं आणि काम कुठं सुरू होतं ते कोण ठरवणार? सुपरवायझर?

एक विचारू? तुमचा मुलगा कुठल्या शाळेत आहे? त्याच्याही वेळापत्रकात एमआयडीसीचा वार येणार का?

लेथवाला
सीबीएसईला आहे. खोटं कशाला बोलू. पण सुट्टीत शॉपमध्ये येतो आणि लेथ चालवतो.

रंकाळ्याचा वारा
मालकाच्या पोरानं लेथ चालवला की संस्कार, दुसऱ्याच्या पोरानं चालवला की मनुष्यबळ. चालू दे भावा 😀

टर्नर_ताई
मी टर्नर ट्रेड (लेथकाम) केलाय, आमच्या बॅचला आम्ही दोघीच मुली. पास झाल्यावर एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागले. पहिले आठ दिवस सेफ्टीचे व्हिडिओ, नंतर थेट लाइनवर. एकच ऑपरेशन : जॉब (कापायचा धातूचा भाग) लावायचा, बटण दाबायचं, काढायचा, गेज लावून बघायचा. वर्षभर तेच. सेटिंग, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून घेणं, शिकवा म्हटलं तर सेटर म्हणायचा, "ताई, प्रॉडक्शन थांबतंय." हजेरीच्या वहीत मात्र प्रशिक्षणाचे सगळे विषय व्यवस्थित भरलेले. वर्ष संपलं, आमची २० जणांची बॅच घरी, दुसऱ्या सोमवारी नवी बॅच गेटवर.

त्यामुळं "आयटीआयच्या पोरांना काही येत नाही" हे ऐकलं की डोकं फिरतं. आमच्या आयटीआयला लेथ होते, पण कटिंग टूल मोजून मिळायचं. मटेरियल संपलं की थिअरी. जिथं शिकायला हवं होतं तिथं साहित्य नाही, जिथं साहित्य होतं तिथं शिकवायला वेळ नाही. आता हेच चक्र नववीपासून सुरू करायचं?

एचआर_कागल
ताईंचा अनुभव खोटा नाही, पण दुसरी बाजूही ऐका. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के. स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र देतं, बाकी कंपनीचे. शिवाय कॅन्टीन, बस, गणवेश. सगळेच काही फुकटात राबवून घेत नाहीत. आमच्याकडं सेटर म्हणून कायम झालेले जुने अप्रेंटिस आहेत.

लेथवाला, ४ ते २९ माणसांच्या युनिटला अप्रेंटिस ऐच्छिक आहे. तुमच्याकडं ११. कधी घेतलेत का?

लेथवाला
घेतले होते. दोघं. पहिल्यावर मी स्वतः आठ महिने बसलो. ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) कसा द्यायचा, इन्सर्ट (टूलचं पातं) कधी बदलायचा, जॉबवर चॅटर (थरथर) आला तर आवाजावरून कसं ओळखायचं. दोन महागडी टूलं त्यानं मोडली, मी गप्प बसलो. तयार झाला आणि कागलला गेला, चार हजार जास्त मिळतात म्हणून. दुसरा सहाच महिन्यांत. एचआर साहेब, कदाचित तुमच्याकडंच असेल तुमच्या त्या सेटरांत.

म्हणून तर म्हणतो, एकट्यानं शिकवणं परवडत नाही. सगळ्यांनी मिळून शाळेपासूनच करावं.

फळा-खडू
आता खरं दुखणं बाहेर आलं. म्हणजे शिकवण्याचा खर्च तुम्हाला परवडत नाही, तर तो शाळेनं उचलावा, म्हणजे सरकारनं, म्हणजे त्या पोरांच्या आईबापांनीच. चार हजार तुम्ही का नाही वाढवलेत?

लेथवाला
मास्तर, जॉबवर्कचा रेट तीन वर्षं तोच आहे. माझा रेट वाढवायला मी कुणाला सांगू?

पाबळचा_पोरगा
सगळे एमआयडीसीच्या गेटवरच अडकलात. शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. मी तिथं वर्षभर राहून शिकलोय. त्यांनी हायस्कुलांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' असा विषय बसवला, बोर्डानं तो मान्यही केला. आठवड्यातला एक दिवस हाताचं काम : वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य. चारही सगळ्यांनी करायचं, मुलींनी वेल्डिंग आणि मुलांनी स्वयंपाक. शिकवायला गावातलाच कारागीर.

फरक कुठं आहे बघा. पोरं कारखान्यात जात नाहीत, गावाची कामं शाळेत येतात. आम्ही लोकांना गेट करून दिली, वायरिंग केलं, आणि त्याचं बिल फाडलं. चूक झाली की गिऱ्हाईक ओरडायचं, त्यातून जे डोक्यात बसलं ते पुस्तकानं बसलं नसतं. माझ्यासोबतचा एकही टर्नर झाला नाही, पण ड्रॉइंग सगळ्यांना वाचता येतं. लेथवाल्यांना तेच हवंय ना?

लेथवाला
तेच हवंय. पण माझ्या मशीनवर उद्या कोण उभं राहणार?

पाबळचा_पोरगा
उद्याचं उत्तर शाळेकडं नाहीच हो. असलं तर पाच वर्षांनंतरचं आहे.

परदेशस्थ_कोल्हापूरकर
श्टुटगार्टजवळ राहतो, म्हणून लिहितो. असल्या चर्चेत जर्मनी येतेच, पण अर्धीच येते. इथं पोरगं कंपनीशी करार करतं, आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी कंपनी, साधारण तीन-साडेतीन वर्षं. पगार कंपनी देते. परीक्षा मात्र कंपनी घेत नाही, उद्योग चेंबर (उद्योगांची संस्था) घेतं. त्यामुळं एकच बटण दाबायला शिकलेलं पोरगं पास होत नाही आणि कंपनीची अब्रू जाते. तरीही इथं माणसं कमी पडतात! २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं इथल्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी करार केलाय, तिकडून कुशल माणसं इकडं आणायला. तुम्ही कागलला नावं ठेवताय, उद्या पोरगं श्टुटगार्टला येईल.

टर्नर_ताई
परीक्षा बाहेरच्यांनी घ्यायची, हे मला पटलं. आमची हजेरीची वही तरी कुणी उघडून बघितली असती. आणि लेथवाले दादा, तुमच्या योजनेत मुली आहेत का? लिहिताना सगळीकडं "पोरगा"च आलाय.

लेथवाला
खरं सांगतो, माझ्या युनिटमध्ये बायकांसाठी वेगळं टॉयलेट नाही. शेजारच्या तीन युनिट्समध्येही नाही.

टर्नर_ताई
मग रात्रपाळीला माणूस मिळत नाही म्हणता, तेव्हा निम्मी माणसं तुम्ही मोजलेलीच नसतात.

फळा-खडू
लेथवाले, भांडण बाजूला ठेवून सांगतो. पोरं तुमच्याकडं पाठवणार नाही. तुम्ही इकडं या. सोमवारी तुमची सुट्टी, आमची शाळा. नववीला दोन तास देतो, मुलं-मुली एकत्र. मशीन नको, एखादं ड्रॉइंग आणि व्हर्नियर आणा.

लेथवाला
येतो. पण चारच व्हर्नियर आहेत, त्यातल्या एकाचा झिरो हुकलाय, मिटवला तरी शून्यावर येत नाही.

फळा-खडू
तो आधी आणा. झिरो एरर मी इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवतोय, पोरांनी खरा कधी बघितलेला नाही.