५०० रुपयांत वाढदिवसाची पुस्तकं
भाचीला पुस्तकंच द्यायचीत, बजेट ५०० आणि मॉलमधल्या दुकानात तेवढ्यात जेमतेम एक येतं म्हणताय, तर सरळ पुण्यातला पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक गाठा की. कुठल्याही मराठी पुस्तकांच्या दुकानात ज्योत्स्ना प्रकाशन नाहीतर नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तकं मागा, पातळ असतात पण चित्रं झकास आणि ५०० मध्ये चार-पाच तरी आरामात बसतात. ही शोकेसमध्ये दिसायची नाहीत बरं का, खालच्या कप्प्यात गठ्ठा करून ठेवलेली असतात, काउंटरवरच्या काकांना वय सांगितलं की ते स्वतःच काढून पुढ्यात टाकतात. सूट किती ते बिल करायच्या आधीच विचारा, नंतर विचारलंत तर चेहरा बघण्यासारखा होतो (पुणं आहे शेवटी 😀). उरलेल्या पैशात तिथेच स्टेशनरीच्या दुकानातून स्केचबुक आणि खडू घ्या, झालं गिफ्ट. फक्त जूनमध्ये जाऊ नका, शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत उभं राहायला जागा नसते. मुंबईकरांनी दादर स्टेशनजवळचं आयडियल हे पुस्तकांचं दुकान बघावं. आणि मोठ्यांना द्यायचं असेल तर राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं, जाडजूड असूनही किंमत अगदीच कमी, बांधणी मात्र सरकारी.