मदत हवी आहे: एग फ्रीझिंग केलेल्या कोणी आहात का?

वय ३४, लग्न ठरलेलं नाही आणि घाईत करायचंही नाही. मागच्या महिन्यात एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासलं, १.१ आलं, म्हणजे कमीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, बीजं गोठवायची तर पस्तिशीच्या आत बरं. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, मधेमधे सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजं काढणार. माझी एएमएच बघता एका खेपेत पुरेशी मिळतील याची खात्री नाही, म्हणजे कदाचित दोनदा.

खर्चाचा कागद दिला, त्यात औषधं धरलेलीच नाहीत! दर वर्षाचं साठवणुकीचं भाडंही वेगळं. २०२१ च्या कायद्याने दहा वर्षंच ठेवता येतात, हेही मला तिथे कोणी सांगितलं नाही, घरी येऊन वाचलं.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: इंजेक्शनं घेत ऑफिसला जाता आलं का? बीजं काढल्यावर पोट किती दिवस फुगलेलं होतं? औषधांसकट शेवटी आकडा कुठे गेला? पुण्यात आहे.

आणि आईला कसं सांगितलंत? इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात म्हणे, आमच्याकडे दह्याच्या भांड्यामागे काही लपत नाही.

'आधी लग्न कर' सोडून काहीही लिहा.