आंब्यावर जुमारने चढल्यावर कामाच्या दोरीवर कसं यायचं?

शेंडा: जुना हापूस, उंची साधारण ४५ फूट, बांडगूळ काढायचं आहे. ११ मिमीची स्टॅटिक दोरी बेचक्यातून घालून एक टोक बुंध्याला बांधतो आणि दुसऱ्या बाजूने हातातला जुमार (दोरीवर वर सरकणारी, पण खाली न घसरणारी पकड) व छातीचा अ‍ॅसेंडर (तशीच छातीवरची पकड) लावून चढतो. अडचण वर पोचल्यावर येते. वजन जुमारवर असल्याने कॅम (दोरी दाबून धरणारा दातेरी भाग) उघडत नाही, आणि दोरी बदलताना क्षणभर कशालाच अडकलेलो नसतो. बरोबर क्रम काय?

दोरवाट: बेचक्याला टेकेपर्यंत चढू नका, हातभर आधी थांबा. जुमार थोडा वर सरकला तरच उघडतो. बेचक्यात अडकला तर अडकलाच.

तिथे कमरेची दोरी (कमरपट्ट्याला लावायची आखूड आधाराची दोरी) खोडाभोवती, फांदीच्या वरून घ्या आणि तिच्यावर मागे रेलून वजन द्या. जुमार तसेच राहू देत. आता कामाची दोरी (जिच्यावर लटकून काम करायचं ती) वरच्या जाड, जिवंत बेचक्यातून दुहेरी टाका. बेचक्याला दोन कड्यांचा पट्टा लावून दोरी त्यातून ओवली तर साल सोलत नाही. मग ब्लेक गाठ (वजन पडलं की धरणारी, हाताने सरकवता येणारी): खालून वर चार वेढे, टोक खाली आणून मूळ दोरीच्या मागून खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर, आणि टोकाला अडवणगाठ हवीच. कमरेची दोरी न सोडता या गाठीवर पूर्ण वजन देऊन बघा. ती धरते याची खात्री झाली, की जुमारला लावलेल्या पायाच्या फासात उभे राहून आधी छातीचा अ‍ॅसेंडर काढा, मग वजन गाठीवर घेऊन हातातला जुमार.

सालपट: क्रम बरोबर आहे. पण ब्लेक दुहेरी दोरीसाठीच वापरा. तिथे गाठीवर साधारण निम्मं वजन येतं. एकेरीवर सगळं येतं, गाठ आवळून बसते आणि जोरात सरकवली तर दोरी घासून वितळते.

बुंध्याला बांधलेल्या पद्धतीत बेचक्यावर जवळपास दुप्पट भार येतो. ७५ किलोचा माणूस म्हणजे फांदीवर १५० किलोपर्यंत. म्हणून चढण्याआधी दोघांनी दोरीला लोंबकळून बघावं, आणि सुकं किंवा पोखरलेलं बेचकं टाळावं. जुमारवर ढिली दोरी ठेवून पडलात तर दात वरचं आवरण फाडतात, त्यामुळे दोरी कायम ताठ.

करवत हातात घेण्याआधी दोन स्वतंत्र आधार हवेत: कामाची दोरी आणि कमरेची दोरी. कमरेच्या दोरीत पोलादी तार असली तरी चेनसॉपुढे टिकेल असं धरू नका, आणि विजेच्या तारांजवळ ती मुळीच नको.

शेंडा: बांडगूळ फांदीच्या टोकाला आहे. आधाराचं बेचकं बदलू का?

सालपट: हो. दोरी उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त तिरकी झाली, तर पाय घसरताच झोका खोडावर आपटतो. कमरेची दोरी लावून वरचं, टोकाकडचं बेचकं घ्या. बांडगूळ नुसतं ओरबाडू नका, फांदीत रुतलेल्या त्याच्या गाठीच्या खालून, म्हणजे खोडाकडच्या बाजूने, फांदीसकट कापा. गाठ राहिली तर पुन्हा फुटतं.

खालचा माणूस: बुंध्याला साधी गाठ मारू नका, डिसेंडर (दोरी अडवून हळूहळू सोडायचं साधन) लावून अडवा. वरचा माणूस चढताना बेशुद्ध पडला तर खालूनच उतरवता येतो. त्यासाठी दोरी उंचीच्या तिप्पट लागते: ४५ फुटांना १३५, म्हणजे १५० फूट घ्या. शेवटच्या टोकाला गाठ मारून ठेवा.