मदत हवी आहे: ओढ्यात टांगलेले डीजीटी सॅम्पलर उघडे पडले, आता काय?

नमस्कार मंडळी. नाशिकला एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर निफाड तालुक्यात, घरचीच द्राक्षबाग. प्रकल्पाचा विषयही तिथूनच सुचला: वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं, तांबंयुक्त बुरशीनाशक) मारलेल्या मातीतलं तांबं खालच्या ओढ्यात किती उतरतं?

आधी बाटलीत पाणी भरून आणायचे. गोडी छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगावरचे फवारे चालू, मध्येच अवकाळीची सर, आणि मी पोचेपर्यंत पाणी निवळलेलं. बाटली भरली त्या मिनिटापुरतंच सांगते. म्हणून डीजीटीकडे वळले, म्हणजे पाण्यात ठेवून विरघळलेला धातू हळूहळू गोळा करणारा सॅम्पलर. कॅरमच्या स्ट्रायकरएवढी प्लास्टिकची चकती, वर ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर, त्याखाली ०.८ मिमी जेल, तळाला धातू धरून ठेवणारं चेलेक्स रेझिन. तांबं जेलमधून झिरपत जाऊन रेझिनला चिकटतं आणि इतक्या दिवसांची सरासरी मिळते.

सहा चकत्या तंगुसाने बांधून सात दिवसांसाठी सोडल्या. मधेच कालव्याचं आवर्तन बंद झालं, हे मला कुणी सांगितलं नाही (मीही विचारलं नाही). सातव्या दिवशी गेले तर दोन चकत्या काठच्या दगडावर उन्हात, फिल्टरला सुरकुत्या, जेल आक्रसलेला. बाकी चार पाण्यात होत्या, पण पाणी जवळपास थांबलेलं आणि फिल्टरवर हिरवट बुळबुळीत थर.

वाळलेल्या दोन्हींत तांबं साठलेलं असणारच, मग अंदाजे पाच दिवस धरून हिशोब करू का? फेकायला जीव होत नाही, महाग आहेत. थांबलेल्या पाण्यातल्या चारांचं काय? आणि तिसरं: बागेच्या मातीचा डीटीपीए (रसायनाने धातू काढून मोजायची माती चाचणी) रिपोर्ट तांबं भरपूर दाखवतो, त्याच मातीच्या पेस्टवर ठेवलेल्या डीजीटीत मात्र नावालाच आलं. पेस्ट चुकली का?

जेलवाला: वाळलेल्या दोन विसरा. सूत्र आठवा: रेझिनवरचं तांबं गुणिले थराची जाडी, भागिले विसरण गुणांक (तांबं जेलमधून किती वेगाने पसरतं तो आकडा), वेळ आणि खिडकीचं, म्हणजे चकतीच्या उघड्या तोंडाचं, क्षेत्रफळ. जेल आक्रसला, जाडी गेली. उघडी कधी पडली माहीत नाही, वेळही गेली. 'अंदाजे पाच' म्हणजे उत्तर तुम्हीच ठरवल्यासारखं.

थांबलेल्या पाण्यात फिल्टरच्या बाहेर पाण्याचाच एक स्थिर थर बसतो. तो जाडीत न धरल्यास तांबं खऱ्यापेक्षा कमी दिसतं. पुढच्या वेळी वेगवेगळ्या जाडीच्या जेलच्या चकत्या शेजारी शेजारी लावा. १ भागिले वस्तुमान आणि जेलची जाडी असा आलेख काढला की तो थर निघतो. शेवाळाचा थरही वाट अडवतो, त्यामुळे अशा पाण्यात दिवस कमी ठेवा. पाण्याचं तापमान नोंदवलंत? विसरण गुणांक त्यावरच ठरतो.

मूळ धागाकर्ती: सोडताना एकदा, सकाळी सातला. 😐

जेलवाला: उथळ ओढा दुपारी चांगलाच तापतो. छोटा लॉगर सोबत बांधा. आणि हाताळताना बाहेरून किती तांबं लागतं ते कळायला कोरी चकती नेली होती ना?

मूळ धागाकर्ती: नेली होती. पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

जेलवाला: मग ती कशाची कोरी? लावताना नि काढताना तिलाही तेवढाच वेळ हवा लागली पाहिजे, एवढंच की पाण्यात सोडायची नाही.

काळी_माती: ताई, पेस्टचं नंतर, आधी हे बघा. डीटीपीए तांब्याला ओढून बाहेर काढतं. डीजीटीला मिळतं ते मातीतल्या पाण्यात विरघळलेलं, आणि ते संपत जाईल तसं माती जेवढं पुरवेल तेवढंच. आपल्या चुनखडीच्या, सामू ८ च्या आसपासच्या जमिनीत तांबं घट्ट धरलेलं असतं. दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. तरी पेस्ट तपासा. काळी माती फुगत राहते, म्हणून पाणी घालून मळा, झाकून २४ तास ठेवा, वर चकाकी दिसली की मग चकती हलकेच दाबा. खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी खिडकी बंद.

कीटकनाशकंही बघायची असतील तर चेलेक्स कामाचं नाही. पाण्यात सहज विरघळणाऱ्यांसाठी पोसिस हा वेगळा सॅम्पलर लागेल.

बागायतदार_दिंडोरी: त्या जेलमधलं मला काही कळत नाही. पण चकत्या दगडाला बांधू नका, रिकाम्या कॅनखाली लोंबत्या ठेवा, पाणी उतरलं की त्याही उतरतील. आणि आवर्तन कधी सुटणार, कधी बंद होणार, ते पाटकऱ्याला विचारायचं असतं.

मूळ धागाकर्ती: पाटकरी आमच्या भावकीतलाच निघाला. फोन करतो म्हणालाय. तोवर त्या चार चकत्या फ्रिजमध्ये, आई रोज विचारते हे कधी काढणार.