पांढऱ्या पाटीच्या गाडीवर भाडी मारली तर?

वाईकर: भावानं घरच्यासाठी अर्टिगा घेतली आहे. खासगी पासिंग, बँकेचा बोजा अजून आहे. शनिवार-रविवारी गाडी दारात उभीच असते. तो म्हणतो, वाई ते पुणे विमानतळ अशी ओळखीतली भाडी करू, हप्त्याला हातभार लागेल. ओळखीच्याच लोकांसाठी परमिट काढायला हवं का? त्याच्याकडे कारचं साधं लायसन आहे, टॅक्सीचालकाचा बॅज नाही.

घाटवाट: कुणी अडवलं तर पाहुणे आहेत म्हणायचं. सगळेच करतात.

सातारा टुरिस्ट: माझी स्वतःची पिवळ्या पाटीची गाडी आहे. दादा, वरचा सल्ला कृपा करून ऐकू नका.

परमिटशिवाय भाडं नेलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, शिवाय ६ महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरी दंड भरून माणूस मोकळा होतो. मला धास्ती विम्याची आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं वापर बसतच नाही. खंबाटकीत काही झालं आणि मागे बसलेल्याचा पाय मोडला, तर तो पोलिसांना खरं तेच सांगणार, की एवढे पैसे ठरले होते. ओळखीचा असला तरी सांगणार, दवाखान्याचं बिल त्याच्या डोक्यावर असतं. मग तुमच्या गाडीचा क्लेम नाकारतात. जखमीला भरपाई द्यायचा आदेश झाला, तर कंपनी आधी पैसे भरून नंतर मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम अर्टिगा विकूनही फिटेल असं नाही.

धंदा करायचाच तर रीतसर करा. आधी बँकेची एनओसी, ती मिळायलाच वेळ लागतो. मग आरटीओत गाडी टुरिस्ट (म्हणजे भाड्याची, पिवळ्या पाटीची) करायचा अर्ज, कराचा फरक, व्यावसायिक विमा, वेग ताशी ८० किमीच्या वर जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर, जीपीएस आणि पॅनिक बटण, फिटनेस, परमिट. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेसचं पासिंग, पुढे दरवर्षी. फक्त शनिवार-रविवारच्या भाड्यात हा खर्च निघतो का, ते कागदावर मांडून बघा. मला तरी अवघड वाटतं.

लायसनची काळजी नको, बॅजचं मात्र आरटीओत विचारून घ्या. ७,५०० किलोपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला हलक्या वाहनाचं लायसन चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय.

वाईकर: मनापासून आभार. विम्याचं डोक्यातच नव्हतं. पण भाऊ पुण्याला निघालाच आहे आणि शेजाऱ्यानं सीएनजीचे अर्धे पैसे दिले तर?

सातारा टुरिस्ट: स्वतःच्या कामाला जाताना खर्च वाटून घेणं वेगळं. त्याच्यासाठी गाडी काढली आणि दर ठरवला, की ते भाडं झालं. पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा भाग असतो, तो भावाला आजच वाचायला द्या.