घानातला पारा: बंदी कोणावर घालायची?

खडकफोड्या:
घानात परवान्याशिवायच्या छोट्या सोन्याच्या खाणींना गॅलमसे म्हणतात. नद्या चिखलाच्या झाल्या म्हणून सरकारने २०१७ मध्ये छोट्या खाणी सरसकट थांबवल्या. २०१८ च्या अखेरीस परवानावाल्यांना पुन्हा मोकळीक मिळाली. दगडातून सोनं वेगळं काढायला वापरतात तो पारा मात्र चालूच. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे, पण या धंद्यापुरता तो 'कमी करा, जमेल तिथे बंद करा' एवढंच म्हणतो. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यातला एक तृतीयांशाहून जास्त याच खाणींतून जातो. माझं मत: पाऱ्याची विक्रीच बंद करा. दुसऱ्या दिवसापासून.

तिरफळ:
दुसऱ्या दिवसापासून काळाबाजार, एवढाच फरक. युरोपने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये पाऱ्याची निर्यात थांबवली. मग इंडोनेशियात सेराम बेटावर लोक हिंगुळ (पाऱ्याचं खनिज) खणून पारा काढू लागले. शिवाय घानात पारा देणारा, पैसे उसने देणारा आणि शेवटी सोनं घेणारा पुष्कळदा एकच असतो. ऊसतोडीच्या उचलीसारखंच आहे हे. बंदी आली तर पोलीस पकडणार कोणाला? खड्ड्यातल्या पोराला.

जुनीवही:
पाऱ्याचा एवढा बाऊ कशाला? लहानपणी थर्मामीटर फुटला की आम्ही पारा तळहातावर खेळवायचो. आणि आयुर्वेदाच्या रसशास्त्रात तर शुद्ध पारद...

निशाचर:
रसशास्त्राचा वेगळा धागा काढा. हा विषय वाफेचा आहे. द्रवरूप पारा गिळला तरी आतडी तो जवळपास घेतच नाहीत, वाफ मात्र ओढली की सुमारे ८० टक्के पारा अंगात राहतो.

तिथे काय चालतं? दगड दळून गालिच्यावरून धुतात, उरलेल्या जड वाळूत पारा ओतून हातांनी मळतात, फडक्यात घालून पिळतात. राहिलेला गोळा निखाऱ्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर धरतात. पारा उडतो, सोनं उरतं. हे पुष्कळदा घराच्या अंगणात किंवा चुलीवरच होतं, म्हणजे खाणीचं तोंडही न पाहिलेलं तान्हं पोर तीच हवा घेतं. आधी बोटं थरथरतात, मग चिडचिड, विसराळूपणा, झोप उडणं, पुढे मूत्रपिंड. लोक मलेरिया किंवा दारू समजून सोडून देतात. नदीत गेलेला पारा वेगळाच. त्याचा मिथाइलमर्क्युरी (पाऱ्याचं विषारी सेंद्रिय रूप) होऊन तो माशांत साठतो आणि गर्भाच्या मेंदूपर्यंत जातो. वाफेचा पारा लघवीत शोधायचा, माशातला केसांत. एकच तपासणी करून 'सगळं ठीक' सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

खडकफोड्या:
@निशाचर, मग तुम्ही माझ्याच बाजूचे!

निशाचर:
नाही. उघड्यावर जाळण्यावर बंदी हवी, पाऱ्यावरची बंदी त्यानंतर. आणि दगड दळताना उडणारी सिलिकाची धूळ पारा गेला तरी राहणारच आहे. सिलिकोसिस (धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) आणि त्यामागून क्षय, त्यावर कोणी करार करत नाही.

विट्याचा_गलाईवाला:
आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर सोनं गाळतात, म्हणून बोलतो. उपाय आहे, रिटॉर्ट. बंद भांड्यात गोळा तापवायचा, नळीतून वाफ थंड करायची, ९० टक्क्यांच्या वर पारा परत हातात. मग वापरत का नाहीत? एक, वेळ लागतो. दोन, आत सोन्याचं काय चाललंय ते दिसत नाही आणि मालावरून कोणाची नजर हटत नाही. तीन, कधीकधी सोनं तपकिरी निघतं आणि ते विकत घेणारा दुकानदार भाव पाडतो. हे तिसरं कारण आम्हाला बरोबर समजतं. रंगावर भाव ठरवणारा माणूस जोवर तसाच आहे तोवर रिटॉर्ट वाटून उपयोग नाही.

फिलिपाईन्सच्या बेंगेटमध्ये पारा न घालता टाकणखाराने (बोरॅक्सने) सोनं वितळवतात. जमतं, पण आधी माल चांगला धुवून घ्यावा लागतो, आणि त्याला सरावाचा हात लागतो.

तिरफळ:
म्हणजे दुकानदाराला धरा. खाणी हजारो, दुकानं मोजकी. त्यातही खाणीवरून आलेल्या सोन्यात थोडा पारा राहतोच. दुकानात ते पुन्हा वितळवतात, ती वाफ भर बाजारात. तिथे धुराडं आणि पारा अडवणारी जाळी सक्तीची करा, नाहीतर खरेदीचा परवाना नाही.

खडकफोड्या:
दुकानदार ऐकणार नाही. त्याचे हात वरपर्यंत पोहोचलेले असतात. आणि घानाचं बरंच सोनं भारतात येतं, तेव्हा परवाना काढून घेण्याचं बोलायचं तर इथल्या आयातदारापासून सुरुवात करा.

विट्याचा_गलाईवाला:
करा की. गाळलं की सोन्याला गाव राहत नाही, ते कागदावरच ठेवावं लागतं. गाळण्याआधी कागद मागा, नंतर मागून काही हाती लागत नाही.